चित्र हलते, प्रेक्षकही हलतो
कलादालनातील चलत्‌चित्रांच्या प्रदर्शनाविषयी

अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात शिरलेला माणूस थोडा वेळ काहीच पाहू शकत नाही. बाहेरच्या उन्हातून आलेले डोळे अंधाराला सरावले की भिंतीवरचा पद्मपाणी हळूहळू उमटू लागतो. चित्र जागचे हलत नाही, पाहणारा मात्र हलतो. तो चार पावले पुढे जातो, मागे येतो, खांबाआडून डोकावतो, मान वर करून छत पाहतो. पहारेकऱ्याने ‘चला’ म्हणेपर्यंत किती वेळ थांबायचे हे त्याचे तो ठरवतो.

चित्रपटगृहात याच्या उलट घडते. तिथे चित्र हलते आणि प्रेक्षक खुर्चीला खिळलेला असतो. खेळ सहाला सुरू होणार, साडेआठला सुटणार. मध्ये कुठे थांबायचे, कशाकडे पुन्हा पाहायचे, हे त्याच्या हाती नसते. पाहण्याच्या या दोन्ही रीती आपल्या अंगवळणी पडलेल्या आहेत. संग्रहालयात कसे वागायचे आणि थिएटरात कसे वागायचे, हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही.

गेल्या पन्नास-साठ वर्षांत तिसरी एक रीत निर्माण झाली आहे. कलादालनाच्या एखाद्या खोलीत भिंतीवर फिल्म किंवा व्हिडिओ चालू असतो. प्रेक्षक मध्येच येतो, उभा राहतो, फिरतो, मध्येच निघून जातो. चित्र हलते आणि प्रेक्षकही हलतो. या दोन हालचालींचा मेळ कसा घालायचा, हा चलत्‌चित्रांच्या प्रदर्शनातला मूळ प्रश्न आहे. प्रोजेक्टर कुठला, पडदा किती मोठा, बाक ठेवायचे की नाही, हे सारे तांत्रिक वाटणारे प्रश्न त्याच्याच पोटातून निघतात. या लेखात त्याचा विचार प्रामुख्याने महाराष्ट्रात घडलेल्या उदाहरणांवरून केला आहे, कारण या कलेच्या भारतातील इतिहासाची पहिली पाने मुंबईत लिहिली गेली आहेत.

एक भेद आरंभीच स्पष्ट केलेला बरा. चित्रपटाचे संग्रहालय आणि संग्रहालयातला चित्रपट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मुंबईत पेडर रोडवरच्या गुलशन महालात आणि त्याला जोडून बांधलेल्या नव्या इमारतीत भारतीय चित्रपटाचे राष्ट्रीय संग्रहालय आहे. जानेवारी २०१९ मध्ये त्याचे उद्घाटन झाले. जुने कॅमेरे, पोस्टर, यंत्रे आणि चित्रपटाचा इतिहास सांगणारी दालने तिथे आहेत. हे चित्रपटाविषयीचे प्रदर्शन झाले. इथे ज्याची चर्चा करायची आहे त्यात फिल्म हीच कलाकृती असते आणि ती ज्या खोलीत दाखवली जाते ती खोलीही कलाकृतीचा भाग असते.

जत्रेतला प्रेक्षक

हा प्रकार परदेशातून आला असे म्हणण्याची आपल्याकडे पद्धत आहे. व्हिडिओपुरते ते खरेही आहे. कोरियन कलावंत नाम जून पाइक याने १९६३ मध्ये जर्मनीतल्या वुप्पर्ताल गावच्या एका कलादालनात दूरचित्रवाणी संच मांडून त्यांवरची चित्रे बिघडवून दाखवली. तिथून व्हिडिओ कलेचा आरंभ मानतात. पुढे १९६७ च्या सुमारास सोनी कंपनीने खांद्यावर घेऊन फिरता येईल असा व्हिडिओ कॅमेरा आणला आणि स्टुडिओशिवाय चलत्‌चित्र करणे एकट्या माणसाच्या आवाक्यात आले.

परंतु हलत्या चित्रासमोर उभा राहणारा, येणारा-जाणारा प्रेक्षक आपल्याला नवा नाही. पिंगुळीचे चित्रकथी एकामागून एक चित्र दाखवत, वाद्याच्या साथीने कथा सांगत आले आहेत. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९२ पासून ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने जादूच्या कंदिलाचे खेळ केले. काचेवर हाताने रंगवलेली चित्रे एकापेक्षा अधिक कंदिलांतून पडद्यावर टाकून ते हालचालीचा भास निर्माण करीत, सोबत निवेदन आणि संगीत असे. म्हणजे ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंचा खेळ झाला त्याच्या चार वर्षे आधी मराठी प्रेक्षक प्रकाशाने रंगवलेल्या हलत्या चित्रांना सरावू लागला होता. नंतर जत्रांमधून तंबूतले टुरिंग टॉकीज आले. तिथला प्रेक्षक खाली मातीवर बसे, मध्येच उठून पाळण्याकडे जाई, परत येई. मुले पडद्याच्या मागच्या बाजूने उलटा सिनेमा पाहत.

आजच्या कलादालनातला क्युरेटर ज्या ‘फिरत्या प्रेक्षका’विषयी बोलतो तो जत्रेतून आलेल्या माणसाला ओळखीचा वाटायला हरकत नाही. छावणीच्या गुरुवारच्या बाजारात हिंडणारा माणूसही असाच पाहत असतो. एका पालापाशी थांबायचे, पटले तर बसायचे, नाही तर पुढे. अडचण एवढीच की बाजारात त्याला बोलावणारे कोणी असते. कलादालनाच्या अंधाऱ्या खोलीच्या दाराशी तो बिचकतो. आत शिरावे का, खेळ सुरू झाला आहे का, तिकीट वेगळे आहे का, हे त्याला कोणी सांगत नाही.

नेपियन सी रोडवरची कार्यशाळा

चित्रकार अकबर पदमसी यांना जवाहरलाल नेहरू शिष्यवृत्ती मिळाली. तिच्या पैशांतून त्यांनी १९६९ मध्ये मुंबईत नेपियन सी रोडवरच्या एका सदनिकेत ‘व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप’ उभारले. चित्रकार, छायाचित्रकार, चित्रपटकार यांनी एका छपराखाली येऊन एकमेकांची साधने वापरून पाहावीत ही कल्पना. १६ मिलिमीटरचा कॅमेरा, संकलनाची सोय, छायाचित्रणाची डार्करूम तिथे होती. १९७२ पर्यंत हा प्रयोग चालला.

पदमसींनी स्वतः तिथे दोन फिल्म केल्या. ‘सिझिजी’ ही अकरा मिनिटांची मूकफिल्म बिंदू आणि रेषा यांच्या गणिती रचनांवर आधारलेली आहे. त्यासाठी सुमारे हजार रेखाचित्रे काढण्यात आली आणि ॲनिमेशनपटांचे जाणकार राम मोहन यांचे त्यात साहाय्य झाले. दुसरी ‘इव्हेंट्स इन अ क्लाउड चेंबर’. ती त्यांच्याच एका निसर्गचित्राच्या कल्पनेवरून रंगीत प्रकाशाने घडवली होती. तिचे पुढे काय झाले ते नंतर पाहू.

याच कार्यशाळेत जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून नुकतीच बाहेर पडलेली नलिनी मलानी ही तरुण चित्रकार काम करीत होती. १९४६ मध्ये कराचीत जन्मलेल्या मलानींचे कुटुंब फाळणीत भारतात आले होते. १९६९ मध्ये त्यांनी ‘ड्रीम हाउसेस’ ही स्टॉप-मोशन फिल्म केली. पुठ्ठ्याच्या घरांची प्रतिकृती आणि तिच्यावर बदलत जाणारे रंगीत प्रकाश, एवढेच तिचे साहित्य. नेहरूकाळातल्या नव्या, सुंदर नगरांचे स्वप्न तिच्यात आहे. सात वर्षांनी, १९७६ मध्ये त्यांनी दुसरी, कृष्णधवल फिल्म केली. तिच्यात उंच इमारतीतून खालच्या शहराकडे पाहणारी एक तरुणी आहे. पहिलीतले स्वप्न आणि दुसरीतले शहर शेजारी शेजारी दाखवले की ‘युटोपिया’ ही दोन पडद्यांची कलाकृती होते.

कलादालनाची गरज का पडते, हे इथे नेमके दिसते. या दोन फिल्म थिएटरात एकापाठोपाठ एक दाखवता येतील. तसे केले तर ‘आधी आशा, मग निराशा’ अशी एक गोष्ट तयार होईल. शेजारी ठेवल्यावर गोष्ट उरत नाही, तुलना उरते. पाहणाऱ्याची नजर डावीकडून उजवीकडे आणि पुन्हा डावीकडे जाते आणि दोन्ही काळ एकाच वेळी खरे असल्यासारखे भासतात. चित्रपटात जे काम संकलक करतो ते इथे प्रेक्षकाची मान करते.

त्याच सुमारास सरकारी फिल्म्स डिव्हिजननेही चित्रकारांच्या हाती कॅमेरा दिला होता. पंढरपुरात जन्मलेल्या मकबूल फिदा हुसेन यांच्या ‘थ्रू द आइज ऑफ अ पेंटर’ला १९६७ मध्ये बर्लिन महोत्सवात लघुपटासाठीचे सुवर्ण अस्वल मिळाले. तय्यब मेहता यांनी १९७० मध्ये ‘कूडल’ केला. वांद्र्याच्या कत्तलखान्यातले बैल त्याच्यात आहेत, आणि बैल त्यांच्या कॅनव्हासवरही आहे. मात्र या दोन्ही फिल्म थिएटरच्या पडद्यासाठी केल्या होत्या. मेहतांचे चित्र आणि त्यांचा ‘कूडल’ एकाच दालनात शेजारी पाहता आले तर दोन्ही अधिक कळतात. ते काम नंतरच्या प्रदर्शनांनी हाती घेतले.

बारा ट्रंका

मे १९९८ मध्ये पोखरणला अणुचाचण्या झाल्या. त्याच महिन्यात पाकिस्ताननेही चाचण्या केल्या. मलानींनी त्यावर ‘रिमेम्बरिंग टोबा टेक सिंग’ हे व्हिडिओ मांडणशिल्प केले. १९९९ मध्ये ते मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात मांडले गेले. सआदत हसन मंटोची मूळ कथा प्रसिद्ध आहे. फाळणीनंतर दोन्ही देश वेड्यांची अदलाबदल करतात आणि कुठल्याच देशात न मावणारा बिशन सिंग सरहद्दीमधल्या पट्ट्यात कोसळतो.

या कथेवर कोणी चित्रपट केला तर बिशन सिंगचे काम करणारा नट लागेल. मलानींनी नट घेतला नाही. दालनात पत्र्याच्या बारा ट्रंका उघड्या ठेवल्या. निर्वासित जे सामान घेऊन निघतो ते ठेवण्याची ही ट्रंक उपखंडातल्या बहुतेक घरांत माळ्यावर किंवा पलंगाखाली असते. प्रत्येक ट्रंकेत गोधडी आणि तिच्यात एक टीव्ही संच. त्यांवर विस्थापनाची, माणसांच्या लोंढ्यांची दृश्ये. भिंतींवर चार मोठी प्रक्षेपणे. त्यांतल्या समोरासमोरच्या दोन भिंतींवर दोन स्त्रिया एका साडीची घडी घालण्याचा प्रयत्न करतात. एक भारतातली, एक पाकिस्तानातली. साडीची दोन टोके दोघींच्या हाती आहेत आणि मधली अख्खी खोली रिकामी. जमिनीवर आरशासारखे चकाकणारे आवरण अंथरलेले असल्यामुळे भिंतीवरचा स्फोट पायाखालीही दिसतो. मंटोची कथा वाचणारा आवाज या सगळ्यावरून फिरत राहतो.

मांडणीचा अर्थ प्रेक्षकाच्या जागेत आहे. खोलीत शिरलेला माणूस दोन स्त्रियांच्या मध्ये उभा असतो. साडीची घडी होत नाही याचे एक कारण तो स्वतःच असल्यासारखा. त्याला बसायला खुर्ची दिलेली नाही, म्हणून तो ट्रंकांमधून वाट काढतो, वाकून आत पाहतो. वाकून पाहताना पायाखाली त्याला स्वतःचे प्रतिबिंब दिसते. बिशन सिंग ज्या पट्ट्यात उभा राहतो त्या पट्ट्यावर मुंबईचा प्रेक्षक उभा आहे. हे सांगायला एकही वाक्य लागलेले नाही.

ते कुठे मांडले याला तितकेच महत्त्व आहे. मुंबईतल्या खासगी कलादालनांत ठरावीक वर्गच जातो; काचेचे दार ढकलायला सामान्य माणूस धजत नाही. प्रिन्स ऑफ वेल्समध्ये मात्र शाळांच्या सहली येतात, गावाहून मुंबई पाहायला आलेली कुटुंबे येतात. मूर्ती, नाणी, पेंढा भरलेले प्राणी पाहून पुढे सरकणारा माणूस अचानक या अंधाऱ्या खोलीत आला. ‘हे काय आहे?’ हा त्याचा प्रश्न आणि ट्रंक पाहताच झालेली ओळख या दोन्ही गोष्टी संग्रहालयामुळे शक्य झाल्या. पुढे मलानींची कामे ॲमस्टरडॅम, पॅरिस, लंडन इथल्या मोठ्या संग्रहालयांत गेली आणि २०२३ मध्ये त्यांना जपानचा क्योतो पुरस्कार मिळाला. तरीही भारतात या कलेच्या प्रेक्षकाविषयी विचार करायचा तर सहलीतून आलेल्या त्या प्रेक्षकापासूनच सुरुवात करावी लागते.

खोलीचे गणित

अशी खोली तयार करायची म्हणजे काय करायचे? संग्रहालयाची दालने चित्रांसाठी बांधलेली असतात. पांढऱ्या भिंती, भरपूर उजेड, खोल्या एकमेकींत उघडणाऱ्या. व्हिडिओला नेमके याच्या उलट हवे असते.

पहिली गोष्ट अंधार. प्रोजेक्टर काळा रंग टाकू शकत नाही. तो फक्त उजेड टाकतो. पडद्यावरचा काळा म्हणजे खोलीत जेवढा अंधार असेल तेवढाच काळा. दाराच्या फटीतून उजेड आला की सगळ्या सावल्या राखाडी होतात. म्हणून दाराशी नुसता पडदा पुरत नाही, वळण घेऊन आत जाणारा लहानसा बोळ बांधावा लागतो. त्या वळणात डोळ्यांना सवय व्हायला वेळ मिळतो आणि बाहेरचा उजेडही अडतो. लेण्यांच्या ओसरीचे काम साधारण हेच आहे.

दुसरी गोष्ट अंतर. साध्या प्रोजेक्टरला तीन मीटर रुंद चित्र पाडायला सुमारे साडेचार मीटर अंतर लागते. एवढ्या अंतरातून लोक ये-जा करणार म्हटल्यावर त्यांच्या सावल्या पडद्यावर पडणार. मग यंत्र छताला उंच टांगायचे, पडद्यामागून प्रक्षेपण करायचे, की अगदी जवळून चित्र पाडणारे महागडे भिंग घ्यायचे? काही कलावंतांना प्रेक्षकाची सावली हवीच असते. मलानींच्या पुढच्या अनेक कामांत सावली हाच विषय आहे. म्हणून हा निर्णय तंत्रज्ञावर सोपवता येत नाही.

तिसरी गोष्ट आवाज. चित्र भिंतीने अडते, आवाज अडत नाही. शेजारच्या दोन खोल्यांत दोन व्हिडिओ असतील तर एकीतला हुंदका दुसरीतल्या शांततेत शिरतो. गालिचा, जाड पडदे, ध्वनी शोषणाऱ्या पाट्या हे उपाय. नाही तर हेडफोन. पण दोन हेडफोन आणि चाळीस विद्यार्थ्यांची सहल असे गणित आले की हेडफोन कोणाच्याच कामाचे राहत नाहीत. अमर कंवर यांच्या ‘द लाइटनिंग टेस्टिमनीज’ (२००७) या कामात आठ प्रक्षेपणे एकाच खोलीत चालतात. उपखंडातल्या संघर्षांमध्ये स्त्रियांवर झालेल्या अत्याचारांच्या कहाण्या आधी आठ पडद्यांवर वेगवेगळ्या चालतात आणि शेवटी एकत्र येतात. आठही यंत्रे एका ठोक्यावर चालली तरच ते एकत्र येणे घडते. एक यंत्र सेकंदभर मागे पडले तरी कलाकृती मोडते. वीज गेली आणि आली की आठ यंत्रे पुन्हा एका क्षणी सुरू करणारा माणूस इमारतीत हजर असावा लागतो.

चौथी गोष्ट खर्च. दिव्यावर चालणाऱ्या प्रोजेक्टरचा दिवा साधारण दोन ते तीन हजार तास टिकतो. दालन रोज आठ तास, वर्षाला तीनशे दिवस उघडे धरले तर चोवीसशे तास होतात. म्हणजे दर वर्षी दिवा बदलणे आले, आणि संपत आलेल्या दिव्याचे चित्र आधीचे कित्येक आठवडे मळकट दिसत राहते. आता लेझरवर चालणारे प्रोजेक्टर वीस हजार तास चालतात, पण त्यांची आरंभीची किंमत जास्त. दख्खनच्या उन्हाळ्यात यंत्र थंड ठेवणे आणि धूळ काढणे हा कायमचा खर्च आहे. तैलचित्र एकदा टांगले की महिनाभर काही मागत नाही. व्हिडिओ दर तासाला वीज मागतो.

किती वेळ थांबायचे?

चित्रासमोर आपण सहसा मिनिटभरसुद्धा थांबत नाही. व्हिडिओ वीस मिनिटांचा असतो, कधी दीड तासाचा. तो एका टोकाला संपला की पुन्हा आरंभापासून सुरू होतो. याला ‘लूप’ म्हणतात. प्रेक्षक कुठल्याही क्षणी येणार हे गृहीत धरूनच कलावंताला रचना करावी लागते. कीर्तनाला उशिरा आलेला माणूस अभंगाच्या ध्रुवपदावरून धागा पकडतो, तशी काही पकड कामात असावी लागते.

सगळ्याच कामांना हे मानवत नाही. मुंबईच्या कॅम्प या कलावंत गटाने २०१३ मध्ये ‘फ्रॉम गल्फ टू गल्फ टू गल्फ’ पूर्ण केला. कच्छ, सिंध, बलुचिस्तान, इराणच्या किनाऱ्यांवरचे खलाशी मोबाइलवर जे चित्रीकरण करून एकमेकांना पाठवत होते त्यातून ही त्र्याऐंशी मिनिटांची फिल्म घडली. ती आरंभापासून शेवटपर्यंत बसून पाहायची आहे. अशा कामासाठी दालनाच्या दाराशी वेळापत्रक आणि आत पाठ टेकायला जागा, एवढे तरी हवे. याच गटाचे ‘बॉम्बे टिल्ट्स डाउन’ (२०२२) मात्र सात पडद्यांचे आहे. मुंबईतल्या एका उंच इमारतीवर बसवलेल्या सीसीटीव्ही कॅमेऱ्याने टॉवरपासून झोपडपट्टीच्या निळ्या ताडपत्र्यांपर्यंत उतरत जाणारे शहर टिपले आहे. त्याला आरंभ-शेवट महत्त्वाचे नाहीत; उभे राहून, फिरून पाहावे असे ते काम आहे. दोन्ही एकाच गटाची, पण एकाला बाक हवेत आणि दुसऱ्याला मोकळी जमीन.

वेळेचा प्रश्न सर्वांत टोकाला नेला तो ख्रिश्चन मार्कले याच्या ‘द क्लॉक’ने (२०१०). हजारो चित्रपटांतले घड्याळ दाखवणारे तुकडे जोडून त्याने चोवीस तासांची कलाकृती केली. पडद्यावर जी वेळ दिसते तीच बाहेरची खरी वेळ असते. ती पूर्ण पाहता यावी म्हणून संग्रहालयांना काही दिवस रात्रभर दारे उघडी ठेवावी लागली. इमारतीने कलाकृतीप्रमाणे आपली शिस्त बदलली, असे हे उदाहरण.

प्रत, मालकी आणि विनाश

फिल्मच्या हव्या तेवढ्या प्रती काढता येतात. मग संग्रहालय विकत घेते ते काय? कलाबाजाराने यावर ठसेचित्रांच्या व्यवहारातून उत्तर उसने घेतले. कलावंत जाहीर करतो की या व्हिडिओच्या मोजक्याच, समजा पाच, प्रती विकल्या जातील. प्रत्येकीबरोबर सहीचे प्रमाणपत्र आणि मांडणीच्या सूचना असतात. विकत घेणाऱ्याला मिळते ती दाखवण्याची परवानगी आणि जपण्याची जबाबदारी. या टंचाईमुळे कलावंताचे पोट भरते हे खरे. पण त्यामुळेच कित्येक कामे सामान्य प्रेक्षकाला आयुष्यात एकदाही दिसत नाहीत, हेही खरे. या कोंडीवर कॅम्प गटाने सहकाऱ्यांबरोबर वेगळा मार्ग काढला. २००८ मध्ये ‘पॅड डॉट एमए’ हा खुला व्हिडिओ-संग्रह त्यांनी महाजालावर सुरू केला आणि अपुरी, न वापरलेली चित्रफीतही सर्वांना पाहता येईल अशी सोय केली.

प्रती मोजक्या ठेवल्या की नाशाची शक्यता वाढते. पदमसींच्या ‘इव्हेंट्स इन अ क्लाउड चेंबर’ची एकच प्रत होती आणि ती हरवली. २०१६ मध्ये दिग्दर्शक अशिम अहलुवालिया यांनी वृद्ध पदमसींच्या आठवणींच्या आधारे, त्यांनाच सोबत घेऊन ती फिल्म पुन्हा घडवण्याचा प्रयत्न केला. पदमसी २०२० मध्ये गेले. अहलुवालियांचा प्रयत्न मोलाचा आहे, पण जे आपण पाहतो ती आठवणीची प्रत आहे. फाळके यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ची (१९१३) चारपैकी पहिली आणि शेवटची एवढीच रिळे आपल्यापाशी उरली आहेत. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने १९६४ पासून, विशेषतः पी. के. नायर यांच्या चिकाटीमुळे, जे वाचवले ते फार मोठे आहे. तरी जानेवारी २००३ च्या आगीत तिथली नायट्रेटवरची जुनी रिळे जळालीच.

मराठवाड्याला प्रतींच्या नाशाचा हा इतिहास नवा नाही. मेजर रॉबर्ट गिल याने १८४४ पासून वर्षानुवर्षे अजिंठ्यात राहून भित्तिचित्रांच्या प्रतिकृती केल्या. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये त्या लावल्या होत्या. १८६६ मध्ये आग लागून बहुतेक जळाल्या. मग जॉन ग्रिफिथ्स याने मुंबईच्या कलाशाळेतले विद्यार्थी घेऊन १८७२ ते १८८५ या काळात पुन्हा प्रती केल्या. त्यांतल्याही अनेक लंडनला आगीत नष्ट झाल्या. प्रती गेल्या, मूळ भिंत उरली. व्हिडिओची गोष्ट याहून बिकट आहे, कारण त्याच्यामागे भिंतच नसते. शेवटची प्रत गेली की सगळे गेले.

आजची संगणकीय प्रतही अमर नाही. कोणतीही काटछाट न करता साठवलेला हाय डेफिनिशन व्हिडिओ मिनिटाला साडेसात-आठ गिगाबाइट जागा घेतो. वीस मिनिटांच्या कामाला दीडशे गिगाबाइट, आठ पडद्यांच्या कामाला हजाराच्या वर. ती साठवण दोन-तीन ठिकाणी ठेवायची, दर काही वर्षांनी नव्या चकत्यांवर उतरवायची, उघडते की नाही हे तपासत राहायचे. शिवाय यंत्राचा प्रश्न उरतोच. ट्रंकेतला टीव्ही जुन्या काचेच्या नळीचा होता. तसे संच आता कोणी बनवत नाही. त्या जागी सपाट पडदा ठेवला तर काम तेच राहते का? कोरियाच्या राष्ट्रीय संग्रहालयात पाइकचा १९८८ मधला १००३ टीव्ही संचांचा मनोरा आहे. संच धोकादायक झाल्यामुळे २०१८ मध्ये तो बंद करावा लागला. खपून ७३७ जुने संच दुरुस्त केले, उरलेल्या २६६ जागी सपाट पडदे बसवले, आणि २०२२ मध्ये मनोरा पुन्हा उजळला. शक्य तेवढे जुने जपायचे आणि जिथे बदलले तिथे तसे नोंदवून ठेवायचे, हा त्यातून निघणारा व्यवहारी मार्ग आहे. म्हणूनच जाणकार संग्रहालये काम घेतानाच कलावंताला विचारून ठेवतात: काय बदललेले चालेल, काय चालणार नाही?

इथे, या शहरात

आता प्रश्न आपल्या अंगणातला. छत्रपती संभाजीनगरला चित्रकला महाविद्यालय आहे, विद्यापीठ आहे, वस्तुसंग्रहालये आहेत. अजिंठा-वेरूळ आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरतो तेव्हा चांगल्या चित्रपटांना इथे गर्दी होते. म्हणजे थिएटरात बसून पाहणारा जाणता प्रेक्षक इथे आहे. लेणी हिंडत पाहण्याची सवय तर या भूमीइतकी जुनी. दोन्ही सवयी असलेल्या या शहराला तिसरी सवय लागायला फार कष्ट पडू नयेत.

पण यंत्रे आणून बसवली म्हणजे झाले, असे नाही. त्याचा धडा जवळच मिळालेला आहे. अजिंठ्याच्या पायथ्याशी जपानी अर्थसाहाय्याने भव्य अभ्यागत केंद्र उभे राहिले. पहिल्या, दुसऱ्या, सोळाव्या आणि सतराव्या लेण्याच्या प्रतिकृती, दृक्‌श्राव्य सभागृह, सर्व काही होते. वेरूळलाही तसेच केंद्र झाले. काही वर्षांतच पाणी आणि विजेची बिले थकली आणि दारे बंद झाली. पडदा, खुर्च्या, यंत्रे जागेवर, आणि दाखवायला वीज नाही. बांधकामाला पैसा मिळतो, चालवायला मिळत नाही, ही आपल्या सांस्कृतिक वास्तूंची जुनी व्यथा. चलत्‌चित्राच्या बाबतीत ती जिवावर बेतते, कारण बंद पडलेला व्हिडिओ म्हणजे रिकामी भिंत.

म्हणून आरंभ लहान असावा. एखाद्या महाविद्यालयातली किंवा संग्रहालयातली एक खोली. खिडक्या बंद, दाराशी वळण, एक चांगला प्रोजेक्टर, दोन ध्वनिक्षेपक, सहा बाक. बाहेर मराठीत पाटी: काम कोणाचे, किती मिनिटांचे, पुढचा खेळ केव्हा, आणि मध्येच येता-जाता येते की नाही. पडद्यावर मराठी उपशीर्षके. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे दाराशी एक माणूस, जो ‘या, बसा’ म्हणेल. विजेच्या आणि दुरुस्तीच्या वार्षिक खर्चाची तरतूद पहिल्या दिवशीच वेगळी काढलेली असावी.

दाखवायला काय आहे, असे कोणी विचारील. अमर कंवर यांचा ‘अ नाइट ऑफ प्रॉफेसी’ (२००२) घ्या. देशातल्या निरनिराळ्या भागांतली विद्रोही कविता आणि गाणी त्यांनी त्यात टिपली. महाराष्ट्रातल्या दलित कवी-गायकांचे आवाज त्यात आहेत. देशाबाहेरच्या कलादालनांतले प्रेक्षक ते आवाज उपशीर्षकांच्या आधाराने ऐकतात. छावणीला लागून नागसेनवन आहे, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० मध्ये सुरू केलेले मिलिंद महाविद्यालय आहे, आणि दलित साहित्याच्या चळवळीने इथे बाळसे धरले. त्या कवितेला उपशीर्षकाशिवाय समजून घेणारा प्रेक्षक जगात कुठे असेल तर तो या परिसरात. फिल्म तयार आहे, प्रेक्षकही तयार आहे. मधली अंधारी खोली तेवढी बांधायची राहिली आहे.